प्रार्थनेचे घर आणि त्याचा उंबरठा

१

मराठीत देवाच्या वास्तूला ‘देऊळ’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘देवकुल’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला. देव जेथे राहतो ते त्याचे कुल, त्याचे घर. ‘मंदिर’ या शब्दाचाही मूळ अर्थ निवासस्थान असाच आहे. ‘मशीद’ या शब्दाच्या मुळाशी मात्र घर नाही. तेथे सजदा करण्याची, म्हणजे कपाळ भूमीला टेकवण्याची, क्रिया आहे. ‘गुरुद्वारा’ या शब्दात घर आहे, पण ते दारापाशी थांबलेले आहे. तो गुरूचा दरवाजा. ‘सिनेगॉग’ हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ केवळ एकत्र येणे. हिब्रू भाषा त्याच वास्तूला ‘बेत क्नेसेत’, म्हणजे जमलेल्यांचे घर, असे म्हणते.

चार परंपरांनी एकाच प्रकारच्या वास्तूला ही चार प्रकारची नावे दिली. पहिलीने तेथे राहणाऱ्याकडे पाहिले, दुसरीने तेथे घडणाऱ्या कृतीकडे, तिसरीने प्रवेशाकडे आणि चौथीने जमलेल्या माणसांकडे. या नावांचा विचार करू लागले की एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो केवळ शब्दव्युत्पत्तीचा राहत नाही. एखादी वास्तू एखाद्या समुदायाला आपले आध्यात्मिक घर वाटते ती नेमकी कशामुळे? बांधकामामुळे की प्राचीनतेमुळे, मालकीमुळे की तेथे होणाऱ्या उपासनेमुळे? आणि ज्याला ते घर वाटते त्याच्या त्या वाटण्याची नैतिक कसोटी कोणती?

हा प्रश्न जुन्या क्षेत्रांत सहसा विचारला जात नाही. पंढरपुरात किंवा काशीत वास्तू आणि श्रद्धा एकमेकींत इतक्या मुरलेल्या असतात की त्यांना वेगळे करून पाहणे कठीण होते. जे शहर डोळ्यांदेखत उभे राहिले आणि जेथील बहुसंख्य माणसे दुसरीकडून आली, त्या शहरात हाच प्रश्न उघडा पडतो. दिल्लीच्या दक्षिणेला हरियाणात असलेले गुरुग्राम हे असे शहर आहे.

२

२०१६ पर्यंत या शहराचे अधिकृत नाव गुडगाव होते. नव्या नावाने जुनीच आख्यायिका ठळक केली. हे गाव कौरवपांडवांनी आपल्या गुरूला, द्रोणाचार्यांना, दिले असे परंपरा मानते. आज तेथे काचेच्या इमारती आहेत, वाहनांचे आणि संगणकाचे उद्योग आहेत, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आहेत. त्या इमारती बांधणारे, त्यांत काम करणारे आणि त्यांची राखण करणारे अशा तिन्ही वर्गांतील असंख्य माणसे बाहेरगावची आहेत. प्रत्येकजण आपापला देव बरोबर घेऊन आला. देवाची जागा मात्र मागे राहिली.

या शहराच्या जुन्या भागात शीतला मातेचे मंदिर आहे. परंपरेने या देवीचे नाते द्रोणाचार्यांची पत्नी कृपी हिच्याशी जोडले आहे. चैत्रात तेथे मोठी जत्रा भरते आणि आसपासच्या प्रदेशांतील कुटुंबे लहान मुलांचे जावळ काढण्यासाठी येतात. महाराष्ट्रातील एखाद्या कुलदेवतेच्या ठिकाणाशी कुटुंबाचे जे नाते असते त्याच जातीचे हे नाते आहे. आजोबांचे जावळ जेथे काढले तेथेच नातवाचे काढावे, या आग्रहात धर्मशास्त्रापेक्षा देहाची स्मृती अधिक आहे. अशी वास्तू घर वाटते, कारण कुटुंबाचा काळ तेथे साठलेला असतो.

परंतु काळ साठणे ही घरपणाची आवश्यक अट आहे काय? दिल्ली आणि तिच्या परिसरात राहणारी मराठी माणसे दरवर्षी गणेशोत्सव करतात. मांडव उभा राहतो, मूर्ती बसते, सकाळ-संध्याकाळ आरती होते, उकडीच्या मोदकांची विचारपूस होते, आणि विसर्जनानंतर मांडव उतरवला जातो. दुसऱ्या दिवशी तेथे बांबूंसाठी खणलेल्या खड्ड्यांखेरीज काही उरत नाही. तरीही नोकरीनिमित्त दूर आलेल्या माणसाला त्या दहा दिवसांत जे घर लाभते ते खोटे म्हणता येणार नाही. आषाढीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला तर चालताचालताच घर लाभते. पालखी जेथे मुक्कामाला थांबते तेथे त्या रात्रीपुरते पंढरपूर असते. तेव्हा प्राचीनता घरपणाला पोषक ठरते, पण ती त्याचे कारण नव्हे. भिंतींविषयीही हेच म्हणावे लागेल.

मग भिंती हव्यातच कशाला? या प्रश्नाचे उत्तरही गुरुग्रामातच शोधता येते, कारण तेथे एका समुदायाच्या वाट्याला भिंतींवाचून प्रार्थना करण्याचा प्रसंग दीर्घकाळ आला.

३

शुक्रवारची दुपारची नमाज समुदायाने एकत्र करावयाची असते. गुरुग्रामच्या नव्या सेक्टरांत काम करणाऱ्या मुसलमानांची संख्या वाढत गेली; मशिदी मात्र मुख्यतः जुन्या गावात होत्या. परिणामी मोकळ्या जागांवर नमाज होऊ लागली. २०१८ च्या उन्हाळ्यात काही गटांनी तिला आक्षेप घेतला आणि काही ठिकाणी ती बंद पाडली. त्यानंतर प्रशासनाने चर्चा करून शहरात ३७ जागा नमाजीसाठी निश्चित केल्या. २०२१ मध्ये विरोध पुन्हा उसळला. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांपैकी ८ जागांची अनुमती काढून घेण्यात आली. सेक्टर १२ अ मधील अशा एका जागेवर गोवर्धनपूजा करण्यात आली. आणि डिसेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी उघड्यावरील नमाज खपवून घेतली जाणार नाही असे जाहीर केले.

विरोधकांच्या भूमिकेतील एक मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. सार्वजनिक जागा सर्वांची असते. ती कोणत्याही एका उपासनेच्या स्वाधीन नियमितपणे होऊ नये. हा मुद्दा तत्त्वतः मान्य होण्यासारखा आहे, मात्र तो सर्व मांडवांना, सर्व मिरवणुकांना आणि सर्व जागरणांना सारखाच लावावा लागेल. ज्या जागेवर एकाची प्रार्थना नको म्हणून आक्षेप घेतला, त्याच जागेवर दुसऱ्याची पूजा मांडली की आक्षेप जागेच्या उपयोगाविषयी नव्हता, माणसांविषयी होता, हे उघड होते. पूजेचेही त्यात नुकसानच होते. जी पूजा कोणाला तरी हटवण्यासाठी केली जाते तिच्यात देवाकडे लागलेले लक्ष कितीसे असणार?

येथे प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. इस्लामच्या शिकवणीप्रमाणे सारी पृथ्वी प्रार्थनास्थळ होऊ शकते. स्वच्छ जागा, दिशा आणि वेळ एवढे असले की नमाज होते. म्हणजे धर्मतत्त्वाच्या पातळीवर उघड्या मैदानावरील प्रार्थना मशिदीतील प्रार्थनेहून कमी ठरत नाही. तरीही त्या माणसांना छप्पर हवे होते. ते केवळ ऊन-पावसासाठी नव्हते.

अनुमतीवर मिळालेल्या जागी प्रार्थना करणाऱ्याचे चित्त दुभंगलेले राहते. कपाळ भूमीला टेकले असताना पाठीमागे काय चालले आहे याकडे त्याचा एक कान लागलेला असतो. पुढच्या शुक्रवारी ही जागा असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. घर या शब्दाचा पहिला अर्थ येथे हाती लागतो. जेथे आपल्या असण्याचा खुलासा कोणाला द्यावा लागत नाही ते घर. मराठीत याला ‘निर्धास्त’ असा सुरेख शब्द आहे. भक्तीला निर्धास्तपणा लागतोच असे नाही. संतांनी छळातही नामस्मरण सोडले नाही. परंतु संतांना जे साधले ते साधारण माणसाकडून दर आठवड्याला अपेक्षिणे न्याय्य नव्हे. साधारण माणसाला देवाकडे पूर्णपणे वळता यावे म्हणून त्याच्या पाठीमागे एक भिंत लागते. वास्तूचे पहिले कार्य हे पाठराखणीचे आहे.

त्याच नोव्हेंबरात गुरुग्रामच्या सदर बाजारातील श्री गुरू सिंग सभेने आपल्या गुरुद्वाऱ्यांचे आवार शुक्रवारच्या नमाजीसाठी देऊ केले. या प्रस्तावाचा देशभर उल्लेख झाला, त्याचे कौतुक झाले, आणि त्याला विरोधही झाला. १९ नोव्हेंबर २०२१ हा शुक्रवार नेमका गुरू नानक जयंतीचा दिवस होता. यजमानांच्या सणात अडचण होऊ नये म्हणून त्या दिवशी पाहुण्यांनीच न येणे पसंत केले. देऊ केलेले दार प्रत्यक्षात ओलांडले गेले नाही. व्यवहाराच्या हिशेबात याला निष्फळ प्रसंग म्हणता येईल. पण नैतिक विचाराच्या दृष्टीने तो अतिशय अर्थपूर्ण आहे, कारण त्यात घरपणाची दोन्ही अंगे एकत्र दिसतात. एकाने आपले घर देऊ केले. दुसऱ्याने ते घर दुसऱ्याचे आहे याची जाणीव ठेवली. ज्याला स्वतःचे घर नव्हते त्याने दुसऱ्याच्या घराची मर्यादा अधिक जपली, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४

निर्धास्तपणा हे घरपणाचे पहिले लक्षण मानले तरी ते पुरेसे नाही. उत्तम कुलूप असलेली रिकामी खोलीही निर्धास्त असते. दुसरे लक्षण पाहण्यासाठी गुरुग्रामहून दिल्लीत, हुमायून रोडवर यावे लागते. तेथे जुडाह हयाम सिनेगॉग आहे. ते १९५६ मध्ये बांधले गेले आणि त्याच्या आवारातच ज्यूंची दफनभूमी आहे. राजधानीतील हे एकमेव सिनेगॉग आणि त्याचा स्थानिक समुदाय मोजक्या कुटुंबांचा. मराठी वाचकाला त्याचे अगत्य वाटण्याचे कारण असे की अनेक दशके ज्यांनी त्याची व्यवस्था आणि उपासना निष्ठेने सांभाळली ते इझिकेल आयझॅक मालेकर हे बेने इस्राएल समाजाचे, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी भाषक ज्यू समाजाचे आहेत.

ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेतील काही भाग म्हणण्यासाठी किमान दहा प्रौढ व्यक्ती उपस्थित असाव्या लागतात. या दहांच्या मेळाला ‘मिन्यान’ म्हणतात. परंपरेने हे दहाजण पुरुषच असावे लागत. दिल्लीच्या या छोट्या सिनेगॉगमध्ये स्त्रियांनाही त्या गणनेत धरले जाते. यामागे संख्येची निकड असेल, समतेची धारणाही असेल. अडचणीतून कित्येकदा न्यायाची वाट सापडते. पण मिन्यानच्या कल्पनेत जे मर्म आहे ते यापलीकडचे आहे. जेथे दहावा माणूस आला नाही तर प्रार्थनाच अडते, तेथे प्रत्येकाचे येणे मोजले जाते. हजारोंच्या गर्दीत दर्शन घेऊन गेलेला भाविक पुढच्या वर्षी आला नाही तर देवळाला त्याची उणीव भासत नाही. नऊजणांना मात्र दहाव्याची वाट पाहावी लागते.

घर या शब्दाचा दुसरा अर्थ येथे मिळतो. जेथे आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी ध्यानात येते ते घर. संध्याकाळी उशीर झाला तर दारात येऊन रस्त्याकडे पाहणारे कोणी असणे, हीच घराची खूण आहे. समुदायाच्या वास्तूला ही खूण लाभली की तिची भव्यता किंवा साधेपणा गौण ठरतो. गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा एकटाच असतो आणि तो आजारी पडला की सारे त्याच्या घरी जातात. तेथेही हाच अनुभव आहे.

बेने इस्राएलांचा इतिहास या विचाराला आणखी खोली देतो. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर नौका फुटून अलिबागजवळ नवगावला लागले. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पिढ्यान्पिढ्या त्यांच्याजवळ सिनेगॉग नव्हते. होता तो शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, काही आहारनियम आणि प्रार्थनेतील एखाद-दुसरे वचन. संदेष्टा एलियाच्या नावाने होणाऱ्या ‘मलिद्या’च्या विधीत पोहे, खोबरे आणि फळे असत, म्हणजे कोकणच्या स्वयंपाकघरातूनच त्यांची वेदी सिद्ध होत होती. वास्तू येण्यापूर्वी घर होते. वास्तू आली ती १७९६ मध्ये. इंग्रजांच्या सैन्यात असलेले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून परतले आणि त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. पुण्याच्या लष्कर भागातील १८६७ च्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात.

एका सिनेगॉगला मशीद म्हटले गेले आणि दुसऱ्याला देऊळ. कोणी याला अज्ञान म्हणेल. वस्तुतः ही शेजाऱ्यांची भाषा आहे. ज्या वास्तूचे अंतरंग माहीत नाही तिला माणूस आपल्या परिचयातील पवित्र वास्तूचे नाव देतो, तेव्हा ‘हेही तसेच काहीतरी आहे’ अशी कबुली त्यात असते. समुदायाचे घर केवळ आतल्यांच्या भावनेने उभे राहत नाही. बाहेरच्यांनी त्याला आपल्या गावाच्या नकाशावर आणि जिभेवर जागा द्यावी लागते. गुरुग्रामच्या सेक्टरांना अद्याप क्रमांकच आहेत, तेथील मोकळ्या जागांना अशी नावे पडण्याइतका शेजार अजून घडलेला नाही, हे त्या शहरातील संघर्षाचे एक न बोललेले कारण असावे.

१९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. कोकणातील कित्येक गावांत सिनेगॉग राहिले आणि दहाजण राहिले नाहीत. अशा वास्तूत शिरणाऱ्याला तिचे सौंदर्य दिसते, आणि त्याबरोबर असेही जाणवते की येथे आता कोणाची वाट पाहिली जात नाही. ती वास्तू पवित्र आहे, वारसाही आहे. पण तिचे घरपण तिच्या माणसांबरोबर गेले.

५

आतापर्यंतचे विवेचन घरपणाच्या भावनेविषयी झाले. परंतु भावना खरी असली म्हणून ती न्याय्य असतेच असे नाही. या ठिकाणी मराठी परंपरेला स्वतःकडे पाहावे लागते.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हे महाराष्ट्राचे आध्यात्मिक माहेर मानले जाते. त्या माहेराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. हयातीत ज्याला आत घेतले नाही त्याला मृत्यूनंतरही दाराबाहेरचीच जागा मिळाली. सातवाहनांच्या आणि यादवांच्या काळाविषयी बोलताना ‘तेव्हाचे लोक’ असे म्हणून सुटता येते. येथे तसे सुटता येत नाही. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींना बंदच राहिले. पंढरपूरचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्यांनी दारे रोखली त्यांना ती वास्तू आपले घर वाटत नव्हती काय? निश्चितच वाटत होती. किंबहुना घर वाटत होती म्हणूनच त्यांनी ती रोखली. याचा अर्थ असा की आत्मीयता ही घरपणाची खूण असली तरी ती त्याची कसोटी होऊ शकत नाही. ज्या आत्मीयतेला टिकून राहण्यासाठी कोणीतरी बाहेर उभा असावा लागतो, ती देवाविषयीची आत्मीयता नसते. ती स्वतःच्या स्थानाविषयीची असते.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. उंबरठाच नसेल तर घर कसले? सर्वांसाठी सताड उघडी असलेली जागा म्हणजे धर्मशाळा किंवा रेल्वेस्थानक. तेथे आसरा मिळेल, जिव्हाळा मिळणार नाही. समुदायाला स्वतःचे विधी, स्वतःची भाषा, स्वतःची शांतता जपण्याचा अधिकार आहे. शिवाय पाहुणचार करायलाही स्वतःचे घर असावे लागते. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही, कारण तो खरा आहे. प्रार्थनेच्या घराला उंबरठा हवाच. प्रश्न इतकाच की तो उंबरठा येणाऱ्याला काय विचारतो.

गुरुद्वाऱ्यालाही उंबरठा आहे. जोडे बाहेर काढावे लागतात, डोके झाकावे लागते, लंगरच्या पंगतीत सर्वांबरोबर बसावे लागते. हा नियम मंत्र्याला लागतो आणि हमालालाही लागतो. तो माणसाच्या वागण्याविषयी आहे. पाळायचे ठरवले तर कोणालाही पाळता येतो. काळारामाच्या दारावरचा नियम माणसाच्या जन्माविषयी होता. कितीही ठरवले तरी तो कोणाला बदलता येण्यासारखा नव्हता. पहिला उंबरठा येणाऱ्याला नम्र करतो, दुसरा त्याला नाकारतो. दोन्हींना मर्यादाच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

पण मिन्यानचे काय? त्या दहांत गणना होण्यासाठी ज्यू असावे लागते. म्हणजे तेथेही बहुतेकदा जन्मच विचारला जातो. येथे आणखी एक भेद करावा लागतो. मिन्यानमध्ये जन्माने मिळते ते कर्तव्य. जो त्या कुळातला आहे त्याने थंडीत, पावसात, कामाच्या दिवशी येऊन उभे राहावे, नऊजणांना तिष्ठत ठेवू नये. जो त्या कुळातला नाही त्याच्यावर हे ऋण नाही, एवढेच. त्याला बसण्यास मज्जाव नाही. हुमायून रोडच्या सिनेगॉगमध्ये अन्यधर्मीय पाहुणे येतात, बसतात, ऐकतात. जन्माने एखाद्यावर भार टाकणे आणि जन्माने एखाद्याला दार बंद करणे यांत महदंतर आहे. घरातील मुलाला पहाटे उठून पाणी भरावे लागते, पाहुण्याला नाही. म्हणून पाहुणा घराबाहेर उभा केला जात नाही. समुदाय आपल्या जन्मसिद्ध सभासदांकडून अधिक मागू शकतो. त्या अधिक देण्याच्या मोबदल्यात इतरांना हाकलण्याचा हक्क मात्र त्यांना मिळत नाही.

६

गुरुग्रामच्या नावातच या प्रश्नाची एक जुनी कथा दडलेली आहे. हे गुरूचे गाव. आणि याच गुरूने एकलव्याला शिष्य म्हणून नाकारले, तेही त्याच्या जन्मामुळे. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा येते. एकलव्याने अरण्यात मातीची मूर्ती केली, तिच्यासमोर विद्या साधली, आणि गुरूने मागितला तेव्हा अंगठा कापून दिला. गुरुग्रामजवळ खांडसा या गावात एकलव्याचे मंदिर आहे. अंगठा देण्याचा प्रसंग तेथे घडला असे लोक मानतात.

या कथेकडे गुरुभक्तीचा आदर्श म्हणून पाहण्याची रीत फार जुनी आहे, आणि अन्यायाची साक्ष म्हणून पाहण्याची नवी. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात तिच्यातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याला घरात घेतले नाही त्याने स्वतःचे घर निर्माण केले. माती, झाडे आणि रोजचा अभ्यास एवढ्यावर ते उभे राहिले. चोखोबांनी उंबरठ्याबाहेर उभे राहून तेच केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते मोकळे मैदान होते. तेथील स्तूप पुढे कित्येक वर्षांनी झाला. नाकारलेल्यांची ही निर्मितिशक्ती थोर आहे. पण तिचा गौरव करताना एक सावधगिरी हवी. ‘त्यांना घराची गरज नव्हती, त्यांनी अरण्यातही साधना केली’ असे म्हणून नाकारणाऱ्याला मोकळे सोडता येत नाही. एकलव्याची साधना सिद्ध झाली, यामुळे द्रोणाचे दार बंद करणे योग्य ठरत नाही. उलट, बाहेर उभ्या केलेल्याची भक्ती जितकी खरी, तितका बाहेर उभे करणाऱ्याचा दोष मोठा.

गुरुग्रामात ही सावधगिरी निव्वळ तात्त्विक नाही. ३१ जुलै २०२३ रोजी शेजारच्या नूह जिल्ह्यात हिंसाचार झाला. त्या रात्री गुरुग्रामच्या सेक्टर ५७ मधील मशिदीवर जमावाने हल्ला केला, आग लावली, आणि तेथे राहणाऱ्या तरुण नायब इमामाची हत्या केली. तो बिहारहून आलेला होता. शहरातील असंख्य स्थलांतरितांप्रमाणे तोही पोटासाठी आणि श्रद्धेसाठी दूर आला होता, आणि त्याच्यासाठी ती वास्तू उपमेने नव्हे, शब्दशः घर होती. तो तेथे झोपत असे. भिंत पाठराखण करते असे वर म्हटले. त्या रात्री तिने ती केली नाही. करूही शकली नसती. कारण भिंतीला पाठ राखण्याचे बळ विटांतून येत नाही, ते भिंतीपलीकडच्या माणसांकडून येते.

त्यामुळे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर वास्तूच्या आत शोधून पुरत नाही. समुदायाची वास्तू आध्यात्मिक घर होते ती तेथे निर्धास्तपणे मान लववता येते म्हणून, न आल्यास कोणी वाट पाहते म्हणून, तेथला झाडू आणि तेथली चूल कोणाच्या तरी रोजच्या हातची असते म्हणून. एवढे त्या समुदायाच्या हाती आहे. पण निर्धास्तपणा हा शेजाऱ्याने द्यावयाचा असतो, आणि शेजाऱ्याला तो देता येतो तो त्याच्याही प्रार्थनेचे घर कोणाला हटवून उभे राहिलेले नसेल तेव्हाच. ज्या सोसायटीच्या आवारात दहा दिवस गणपतीचा मांडव निर्विघ्न उभा राहतो, तेथील मराठी माणसाने हा निर्धास्तपणा स्वतः अनुभवलेला असतो. परक्या प्रांतात, परक्या भाषेत कोणीतरी त्याला तो दिलेला असतो, बहुधा न बोलता. हे घेतलेले देणे आहे. ते फेडण्याची वेळ आली म्हणजे फार मोठे काही करावे लागेल असे नाही. पलीकडच्या मैदानावर शुक्रवारी दुपारी जी माणसे आपली चटई पसरायला जागा शोधत आहेत, त्यांच्याकडे पाहून आपल्या मांडवासाठी खणलेले खड्डे आठवले तरी पुष्कळ आहे.